विरळ काय करायचे: धावणे की दमवणारे धावणे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आठवड्यातून तीनच दिवस धावून मॅरेथॉनची तयारी करता येते, असे सांगणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत आला आणि त्यानंतर वाचकांच्या पत्रांत सरळ दोन तट पडले. रोज न धावणारा माणूस धावपटू म्हणवून घेण्यास पात्रच नाही, असे एका बाजूचे म्हणणे आहे. तर रोज धावणे म्हणजे चाळिशीनंतर गुडघ्यांचे वाटोळे करून घेणे, असे दुसऱ्या बाजूचे. मी या दोन्ही पद्धतींनी वर्षानुवर्षे धावलो आहे, दोन्हींचा फायदा घेतला आहे आणि एकीची किंमतही मोजली आहे. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

माझे वय ५३ आहे. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी तीन पाळ्यांत काम करतो. दर आठवड्याला पाळी बदलते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात पहाटे साडेचारला उठून डबा भरायचा असतो, तर रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी साडेसातला घरी येऊन झोपायचे असते. अशा माणसाला रोज सकाळी साडेपाचला मैदानावर येण्याचा सल्ला देणे सोपे आहे, पाळणे अशक्य आहे. त्यामुळे कमी दिवसांत तयारी करून देणारी कोणतीही पद्धत माझ्यासारख्याला हवीशीच वाटणार, आणि तशी ती दहा वर्षांपूर्वी मलाही वाटली.

आपल्या लेखात ज्या पद्धतीचा उल्लेख झाला ती अमेरिकेतील साऊथ कॅरोलायना राज्यात, ग्रीनव्हिल येथील फर्मन विद्यापीठातील बिल पिअर्स, स्कॉट मर आणि रे मॉस या अध्यापकांनी मांडली. तिचे पुस्तक २००७ मध्ये आले. आठवड्यातून तीन वेळा धावायचे: एकदा मैदानावर ठरावीक अंतराचे वेगवान फेरे, एकदा टेम्पो म्हणजे जेमतेम दोन शब्द बोलता येतील अशा वेगाने सलग धाव, आणि एकदा लाँग रन म्हणजे लांब पल्ल्याची सलग धाव. लेखात हे सर्व बरोबर आले आहे. मात्र उरलेल्या चार दिवसांपैकी दोन दिवस सायकल, पोहणे किंवा रोइंग असा दमदार व्यायाम करायचा, हा त्या पद्धतीचा निम्मा गाभा लेखात एका ओळीत उरकला गेला, आणि लेखासोबतच्या चौकटीतून तर तो पूर्णच गळाला. पद्धतीच्या जनकांनी तिला ‘तीन अधिक दोन’ असे म्हटले होते. आपल्याकडे पोहोचेपर्यंत त्यातले दोन वाटेत सांडले.

ही पद्धत थोतांड नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तिला आधार देणारे काम बरेच जुने आहे. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांकडून दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, दररोज ४० मिनिटे सायकल आणि धावण्याचा कठोर सराव करून घेतला, आणि त्यानंतर पंधरा आठवडे त्यांचे दिवस कमी करून काहींचे चार आणि काहींचे दोन केले. मात्र प्रत्येक दिवसाचा जोर होता तसाच ठेवला. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचे जे माप धावपटू व्हीओटू मॅक्स म्हणून ओळखतात, ते आठवड्यातून दोनच दिवस सराव करणाऱ्यांतही टिकून राहिले. पुढे १९८५ मध्ये त्यांनी उलट करून पाहिले: दिवस तेवढेच ठेवले आणि जोर कमी केला. तेव्हा कमावलेले गळू लागले. तीन दिवसांच्या पद्धतीची मुळे इथे आहेत. दिवस गेले तरी चालतील, जोर जाता कामा नये, हे सूत्र तिथूनच येते.

परंतु या प्रयोगांतून काय सिद्ध होत नाही, हेही तितकेच नीट वाचले पाहिजे. ज्यांचे दिवस कमी केले त्यांनी आधी सहा दिवसांच्या सरावाने काहीतरी कमावले होते. प्रयोग ते टिकवण्याचा होता, नव्याने कमावण्याचा नव्हता. शिवाय हिक्सन यांनी दिवस आणि जोर कायम ठेवून रोजची मिनिटे ४० वरून १३ पर्यंत खाली आणली तेव्हा व्हीओटू मॅक्स टिकला, पण दीर्घकाळ दम टिकवण्याची क्षमता घटली. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. माझ्यासारख्याला त्यासाठी साडेचार तास लागतात. तिथे प्रश्न फुप्फुसांचा फारसा राहत नाही. तो पिंढऱ्यांचा, मांड्यांचा, टाचेवरच्या शिरेचा आणि नडगीच्या हाडाचा होतो. हृदयाला सायकल आणि धावणे यांतला फरक फारसा कळत नाही, पण हाडाला तो अचूक कळतो.

आता थोडा हिशेब. समजा, एखाद्या नोकरदाराला आठवड्याला ५० किलोमीटर धावायचे आहे. ते तीन दिवसांत बसवायचे तर साधारण ९ किलोमीटर फेऱ्यांच्या दिवशी, १३ टेम्पोच्या दिवशी आणि २८ लाँग रनला, अशी वाटणी होते. म्हणजे आठवड्याचे निम्म्याहून अधिक अंतर एकाच सकाळी पायांवर पडते. जॅक डॅनियल्स या नामवंत अमेरिकी प्रशिक्षकांचा दंडक असा आहे की, लाँग रन आठवड्याच्या एकूण अंतराच्या २५ ते ३० टक्क्यांपुढे जाऊ नये आणि अडीच तासांपेक्षा लांबू नये. किलोमीटरला पावणेसात मिनिटे घेणारा धावपटू २८ किलोमीटरला तीन तास नऊ मिनिटे घेतो, म्हणजे दोन्ही मर्यादा एकदमच ओलांडतो. फर्मनच्या सोळा आठवड्यांच्या मूळ तक्त्यात पहिल्याच आठवड्यात १३ मैलांचा, म्हणजे जवळपास २१ किलोमीटरचा लाँग रन आहे आणि पुढे २० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरचा, लाँग रन पाच वेळा आहे. तोही रमतगमत नव्हे, तर मॅरेथॉनच्या अपेक्षित वेगापेक्षा किलोमीटरमागे साधारण १० ते ४० सेकंदच हळू. ‘कमी धावा’ एवढेच वाचून आनंदणाऱ्यांनी हा तक्ता एकदा समोर ठेवून पाहावा. कमी आहेत ते दिवस; कष्ट कमी नाहीत.

आता माझा अनुभव. पहिल्या वर्षी मी हा तक्ता जसाच्या तसा पाळला. त्याआधीची चार वर्षे मी आठवड्याला पाच दिवस, बहुतेक वेळा सावकाश, पोवई नाक्यापासून समर्थ मंदिरापर्यंत आणि कधी पुढे यवतेश्वरच्या घाटात धावत होतो, हे इथे मुद्दाम नोंदवतो. जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनमध्ये माझी वेळ आधीच्यापेक्षा ११ मिनिटांनी सुधारली. मी पद्धतीचा भक्तच झालो. कारखान्यात, गटात, लग्नाच्या पंगतीत, जिथे कान सापडेल तिथे मी तिचा प्रचार केला. त्या यशात आधीच्या चार वर्षांच्या कंटाळवाण्या किलोमीटरांचा वाटा किती होता, याचा विचार मला तेव्हा शिवला नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच तक्ता घेतला, पण मधल्या सात-आठ महिन्यांत सावकाश धावण्याचे दिवस जवळपास संपले होते. पावसाळ्यात घाटात धुके आणि निसरडे, म्हणून सायकलचे दिवसही बुडाले. नोव्हेंबरच्या अखेरीस चौथ्या ३२ किलोमीटरनंतर घरी येऊन बूट काढताना डाव्या घोट्याच्या वर चार बोटांवर, नडगीच्या आतल्या कडेला, रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा अंगठ्याने दाबली की जीव वर यायचा. सगळी नडगी दुखत असती तर मी शेक घेऊन पुढे गेलो असतो. एकच ठिपका दुखत होता, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. हाडावर ताण येऊन त्याला चीर पडण्याच्या आधीची अवस्था आहे, असे तपासणीत निघाले. आठ आठवडे धावणे बंद झाले. त्या जानेवारीत मी मॅरेथॉन दूरदर्शन संचावर, पाय उशीवर ठेवून पाहिली. यात पद्धतीचा दोष किती आणि माझा किती, हे मी प्रामाणिकपणे सांगायचे तर माझा अधिक आहे. पण चुकीला जागाच न ठेवणारा तक्ता पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाच्या हाती द्यावा का, हा प्रश्न उरतोच.

पत्रव्यवहारात काही नावे वारंवार आली, त्यांच्याविषयी लिहिणे भाग आहे. ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर हे लंडनला वैद्यकीय शिक्षण घेत असताना दुपारच्या सुट्टीत जेमतेम अर्धा-पाऊण तास सराव करीत आणि ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर त्यांनी मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केले, हे खरे आहे. ४४० यार्डांचे दहा फेरे प्रत्येकी ६० सेकंदांत करण्याचा त्यांचा प्रयत्न ६१ वर अडला होता, तेव्हा ते मित्रासोबत काही दिवस स्कॉटलंडला गिर्यारोहणाला गेले आणि परत येऊन ५९ सेकंदांचे फेरे मारू लागले, हेही प्रसिद्ध आहे. विश्रांतीचे महत्त्व सांगायला हा दाखला उत्तम आहे. पण त्यांची शर्यत चार मिनिटांची होती. साडेचार तासांच्या शर्यतीला तो दाखला लावणे म्हणजे पाकीट पोहोचवणाऱ्या स्कूटरच्या हिशेबाने मालमोटारीचे डिझेल भरणे होय.

जपानच्या युकी कावाउची यांचा दाखला जास्त चपखल आहे. सायतामा प्रांतातील एका सरकारी शाळेत ते कारकुनी करीत होते, दुपारी कामावर जायचे म्हणून सकाळी एकदाच धावत, आणि २०१८ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये बोचऱ्या पावसात २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत पहिले आले. जपानी कंपन्यांच्या संघांतील धावपटू दिवसातून दोनदा धावतात, त्या तुलनेत कावाउचींचा सराव विरळ म्हणता येईल. परंतु ते आठवड्यातून तीन दिवस धावत नव्हते. ते जवळपास रोज धावत होते, त्यांतले जोर लावण्याचे दिवस मात्र दोनच होते आणि बाकीचे सावकाश. म्हणजे हा दाखला नेमका उलट बाजूचा आहे.

एका पत्रलेखिकेने कोपनहेगनच्या २०१५ मधील अभ्यासाचा हवाला दिला. आठवड्यातून दोन-तीन वेळा मिळून एक ते सुमारे अडीच तास सावकाश धावणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले, असे त्यात आहे. मात्र तो अभ्यास आयुष्य किती लाभते याचा होता, मॅरेथॉन कशी धावावी याचा नव्हता. शिवाय त्यातील फार जोराने धावणाऱ्यांचा गट अगदी लहान होता आणि त्यातले मृत्यू दोन, म्हणून त्यावरून जास्त धावणे घातक असा निष्कर्ष काढण्यावर तेव्हाच आक्षेप घेतले गेले. आरोग्यासाठी धावणाऱ्या माझ्या मेहुण्याला मी हाच अभ्यास दाखवून तीन दिवस पुरेत असे सांगतो. मॅरेथॉनचे शुल्क भरून बसलेल्याला तो दाखवत नाही.

रोज धावण्याच्या बाजूनेही अतिशयोक्ती कमी झालेली नाही. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांचे शिष्य आठवड्याला १०० मैल धावत आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये एकाच दिवशी पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे व मरे हॅलबर्ग यांनी ५००० मीटरचे सुवर्ण जिंकले, याचा आधार घेऊन पन्नाशीच्या बँक कर्मचाऱ्याला रोज १५ किलोमीटर धावायला सांगणे हा शहाणपणा नाही. शंभर दिवस खंड न पाडता धावण्याची जी आव्हाने समाजमाध्यमांवर चालतात, त्यांत ताप आलेला असताना घराच्या गच्चीवर दोन किलोमीटर पूर्ण करून छायाचित्र टाकणारे मी पाहिले आहेत. त्याला सराव म्हणत नाहीत, नवस म्हणतात. तरीही या बाजूकडे एक असा माणूस आहे, ज्याच्यापुढे मी गप्प होतो. कॅनडाचे एड व्हिटलॉक घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास सावकाश गोल गोल धावत, आणि २००४ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी टोरोंटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली. अर्थात, रोज तीन तास रिकामे असणे ही त्यांच्या पद्धतीची पहिली अट आहे, आणि ती निवृत्तीआधी कोणाच्याच हाती नाही.

माझ्या मते वादाचा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. आठवड्यातून किती दिवस धावावे यापेक्षा, दोन कस काढणाऱ्या दिवसांमध्ये किती अंतर असावे हे विचारायला हवे. फर्मनची पद्धत सावकाश दिवस काढून टाकते आणि अवघड दिवस सगळे ठेवते. वय वाढलेल्या धावपटूने नेमके उलट करावे, असे मला आठ आठवडे पाय उशीवर ठेवून सुचले आणि नंतर वाचनात त्याला आधारही मिळाला. मेब केफ्लेझिघी हे इरिट्रियात जन्मलेले अमेरिकी धावपटू २०१४ ची बोस्टन मॅरेथॉन २ तास ८ मिनिटे ३७ सेकंदांत जिंकले, तेव्हा ३९ वर्षांचे व्हायला त्यांना काही दिवसच बाकी होते. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांनी सात दिवसांचा आठवडाच सोडून दिला आणि नऊ दिवसांचे चक्र धरले. फेरे, टेम्पो आणि लाँग रन हे तिन्ही त्यात एकेकदाच येत, आणि प्रत्येकानंतर दोन दिवस हलके. सात दिवसांचा आठवडा कारखान्याने, शाळेने आणि पंचांगाने ठरवला आहे; पोटरीला सोमवार कळत नाही.

गेली सहा वर्षे मी असेच नऊ दिवसांचे चक्र पाळतो, आणि माझ्या पाळ्यांत ते आश्चर्यकारकरीत्या बसते. रात्रपाळीच्या आठवड्यात अवघड दिवस एकच येऊ देतो. तोही सुट्टीला लागून. नऊ दिवसांत पाच किंवा सहा वेळा धावणे होते, त्यांतील तीन वेळा इतके सावकाश की, घाटात चालायला आलेली मंडळी मला गाठून नमस्कार करून पुढे जातात. सुरुवातीला याची लाज वाटे. लाँग रन अडीच तासांवर थांबवतो, मग किलोमीटर कितीही झालेले असोत. कारखान्यापर्यंतचे नऊ किलोमीटर आठवड्यातून दोनदा सायकलने जातो, हेच माझे क्रॉस-ट्रेनिंग म्हणजे धावण्याला पूरक व्यायाम, डब्याच्या पिशवीसकट. वेळ त्या पहिल्या वर्षाएवढी कधीच आली नाही, हे कबूल करतो. तेव्हा मी ४४ वर्षांचा होतो आणि आज नाही, हे एक कारण. तीन दिवसांच्या पद्धतीने जी धार येते ती या पद्धतीने येत नाही, हे दुसरे. पण सहा वर्षांत एकही जानेवारी बुडालेला नाही.

या वादाचा परिणाम आमच्यासारख्या हौशी मंडळींपुरता असता तर मी इतके लिहिलेही नसते. जिल्हा क्रीडा संकुलाच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे येतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे गुण असतात, आणि त्या गुणांवर घरांची भिस्त असते. आपला लेख आल्याच्या आठवड्यात कोरेगावकडच्या एका मुलाने मोबाइलवर त्याचे छायाचित्र दाखवून मला विचारले, “काका, आता रोज यायची गरज नाही ना?” तो पहाटे चारचे दूध घालून सायकलने येतो, त्यामुळे त्याचा प्रश्न आळसातून आलेला नव्हता. त्याची शर्यत सहा मिनिटांच्या आत संपते आणि त्याचे वय २० आहे. त्याला वेगवान फेरे आठवड्यातून दोनदा पुरतात, बाकीचे दिवस हलके धावावे आणि एक दिवस झोपावे, असे मी त्याला सांगितले. लेखातला तक्ता मॅरेथॉनचा होता, हे त्याच्या लक्षात आले नव्हते, कारण मथळ्यात तसे कुठेच नव्हते.

म्हणून एक विनंती. या विषयावर आपण पुन्हा लिहाल तेव्हा तक्ता कोणत्या अंतरासाठी आणि आधी किती महिने धावलेल्यासाठी आहे, हे चौकटीच्या वरच छापावे. सायकल आणि पोहण्याचे दोन दिवसही त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत असावेत. कापून भिंतीवर चिकटवली जाते ती चौकट, मजकूर नव्हे. आमच्या कारखान्याच्या उपाहारगृहात आपली चौकट आजही चिकटवलेली आहे आणि तिच्यात तीनच दिवस आहेत.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा